कुत्रा चूळ भरत नाही

मंजन मुकादमांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला रोज सकाळी सहा ते सात या वेळात पांढरी चिंधी गुंडाळलेली असायची. नवख्या माणसाला वाटे, बोट कापलंय. मलाही तसंच वाटलं. भाईंदरला बिऱ्हाड करून मला चार दिवस झाले होते. मिठागराच्या बांधावर थांबून मी आपुलकीने विचारलं, "काय लागलं हो मुकादम?" समोर बसलेल्या वासराएवढ्या कुत्र्याचा ओठ त्यांनी उचलला, ते बोट आत घातलं आणि समई पुसावी तसे त्याचे सुळे पुसायला लागले. मागे आणखी पाच कुत्री रांगेत बसली होती. रांगेत म्हणजे रांगेत. भाईंदरच्या रेशन दुकानासमोर माणसांची तशी रांग मी पुढच्या बारा वर्षांत एकदाही पाहिली नाही.

ही सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. मुकादम पेणकरपाड्याकडच्या एका आगरावर, म्हणजे मिठागरावर, होते. घराणं पिढ्यानपिढ्या भाताचं आणि मिठाचं. खरं नाव होतं, पण ते फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती नवऱ्याचं नाव घेत नव्हती. आगर राखणाऱ्या त्या सहा कुत्र्यांचे दात असे लखलखत, की त्यांनी एकदम जांभई दिली तर खाडीपलीकडच्या वसईच्या होड्या त्या उजेडावर किनाऱ्याला लागत. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण एखादी होडी नक्की लागली असणार.

आता त्यांचं मंजन कसलं, तर ताजे बोंबील उकडल्याचं पाणी. चिंधी त्यात बुडवायची आणि दातांवरून फिरवायची. कुत्र्याला वाटे, आपल्याला नाश्ता वाढतायत. गंमत अशी की चारी बाजूंनी मिठाचे ढीग असलेला हा माणूस त्या पाण्यात मिठाचा एक खडा पडू देत नसे. मी एकदा शहाणपणाने म्हटलं, "मुकादम, मिठाने दात चांगले स्वच्छ होतात. आमच्या रत्नागिरीला सगळे मिठानेच घासतात."

"तुमच्या रत्नागिरीची मान्सं थुकतात ना, भाऊसाब?"

"थुंकतात की."

"कुतरा थुकतो का? चूल भरतो का कुतरा? तेच्या तोंडात जाल तां सगला पोटात गेला. आपून खाऊ ते तेला चालंलच आसा न्हाय."

मी घरी आलो आणि दिवसभर लोकांना हे वाक्य माझं म्हणून सांगितलं.

डोळ्यांचं खातं निराळं. उन्हाळ्यात आगरावर ऊन असं परावर्तित होई की माणसं दुपारी डोळे मिटून चालत आणि नेमकी खड्ड्यात पडत. कुत्र्यांच्या डोळ्यांतून धारा लागत, कोपऱ्यात चिपडं साठत. मुकादम उकळून गार केलेलं पाणी घ्यायचे, त्यात कापसाचा बोळा भिजवायचे आणि नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचे. या डोळ्याचा बोळा त्या डोळ्याला नाही. हा कापूस ते बायकोच्या देवाच्या वातींतून पळवत. "देवाला एक वात कमी पडली तर तो आंधला व्हनार न्हाय," हे त्यांचं समर्थन. बायको आतून ओरडे, "देव बघतोय हां!" मुकादम म्हणत, "बघतोय ना? म्हंजे डोले चांगले हायत तेचे."

आता आमच्या कप्तानकडे यायला हवं. हे एक तांबडं, कान पडलेलं बेणं चाळीच्या जिन्याखाली सापडलं आणि आमच्या खोलीत कायमचं राहायला आलं. सगळं चांगलं होतं, फक्त तोंडाला वास यायचा. वास म्हणजे काय! कप्तानने जांभई दिली की शेजाऱ्यांच्या पातेल्यातल्या दुधाला विरजण लागे. आमच्या सौ.ने, सुमनने, सहा महिने सोसलं आणि एका रविवारी पदर खोचला.

"अहो, आठ दिवस देते. वास गेला तर हा राहील. नाहीतर याला होडीत घालून वसईला सोडून या. आणि तुम्हालाही तिकडेच राहावंसं वाटलं तर माझी ना नाही."

मी धावत मुकादमांकडे. त्यांनी कप्तानला हुंगलं, विचार केला आणि म्हणाले, "करू. पन आठ दिस तर नुसता बोट चाटवायला लागतील. मंग वठ उचलायचा. मंग एक दात. घाई केली का तो तोंडच द्यायचा न्हाय."

"मुकादम, आठव्या दिवशी वसई आहे."

"मंग बायकोला समजवा. कुतऱ्यापरीस ती लवकर शिकंल."

त्यांना माझी बायको माहीत नव्हती. पाच दिवस मी इमानाने बोट चाटवलं. बोट स्वच्छ झालं, कप्तानचे दात होते तसेच राहिले. सहाव्या दिवशी मी जे केलं ते मिठाच्या गावात राहणारा माणूसच करू शकतो. आमच्याकडे घसा धरला मीठ, पाय मुरगळला मीठ, पोराला दृष्ट लागली मीठ. मी ओंजळभर जाडं मीठ कुटलं, कप्तानला गुडघ्यांत धरलं आणि चोळलं. त्याने एकदाच मान झाडली. मीठ उडून त्याच्या डोळ्यात गेलं, आणि ते काढायला मी कुठला हात घातला असेन? तोच. मिठाचा.

त्याची किंकाळी ऐकून सगळी चाळ गॅलरीत आली. डावा डोळा मिटला तो मिटलाच. तो पंजाने डोळा खरवडायला लागला. मी हातातलं मीठ बघत उभा. आणि सुमन? मला वाटलं, म्हणेल, बरं झालं, आणा होडी. ती पायात चप्पलही न घालता जिना उतरली, बांध तुडवत आगरावर गेली आणि मुकादमांना अक्षरशः हाताला धरून घेऊन आली. नवऱ्याच्या हाताला तिने चार लोकांत कधी हात लावला नव्हता.

मुकादमांनी कप्तानला सावलीत घेतलं, सुमनने त्याचे पंजे धरले, आणि साध्या पाण्याची बारीक धार डोळ्यावर सुरू झाली. पहिला हंडा, दुसरा, तिसरा. सार्वजनिक नळाला त्या दिवशी इतरांना पाणी मिळालं नाही आणि कोणी भांडलंही नाही. यावरून प्रसंग ओळखा. शेवटी ते उठले.

"धुवायचा तेवढा माजा काम. आता डाक्टर. मी यापुडं हात लावनार न्हाय."

मिठाचा एक ट्रक मुंबईला निघाला होता. मिठावर मुकादम धरून आम्ही तिघं आणि सुमनच्या मांडीवर कप्तान. वाटेत ती माझ्याशी एकदाच बोलली, "हात पुसलेत का?"

जनावरांच्या डॉक्टरांनी डोळा पाहिला. म्हणाले, वर ओरखडा आहे, वेळेवर धुतला म्हणून वाचला. मलम दिलं. मग त्यांना वास आला. त्यांनी गुंगी देऊन जबडा उघडला आणि मागची एक दाढ दाखवली. काळी, सडलेली, मुळाशी पू. ती काढली. डॉक्टर म्हणाले, या दाढेवर वर्षभर मंजन केलं असतंत तरी वास गेला नसता.

मुकादमांचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. सहा कुत्र्यांचा तो सेनापती पाटावरून उठवलेल्या जावयासारखा उभा होता.

"ती दाढ मी बघाया पायजे व्हती," ते सुमनला म्हणाले. "मी नुसता हुंगला आनि करू म्हनलो. चुकला माजा."

"मुकादमकाका, मिठाचा हात तुमचा नव्हता," सुमन म्हणाली. असं बोलून तिने दोन माणसांना एकदम जागेवर बसवलं.

आठव्या दिवशी कप्तानने जांभई दिली. सुमनने नाक पुढे केलं, थांबली आणि म्हणाली, "सरका तिकडे. चिंधी कुठाय?" त्या दिवसापासून त्याचं तोंड तिच्या ताब्यात गेलं. मला ती फक्त बोंबील आणायला पाठवी. मुकादमांनीही आपल्या पद्धतीत एक पायरी वाढवली. दर अमावस्येला सहाही कुत्र्यांचे जबडे उन्हाकडे करून ते मागच्या दाढांपर्यंत बघत. बांधावरून जाणाऱ्या कोणालाही हाक मारून सांगत, "पयला बघा, मंग पुसा. मी चुकलेलो हाय, तुमी चुकू नका." आपली चूक इतक्या रुबाबात मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे त्यांचं आगर बंद झालं. कुत्र्यांपैकी दोनच उरली होती. ती घेऊन मुकादम अलिबागकडे लेकीकडे निघाले. निरोप घ्यायला आमच्याकडे आले तेव्हा कप्तान म्हातारा झाला होता. दोन्ही डोळ्यांत निळसर धुकं, दिसत जवळजवळ नव्हतं. सुमनने विचारलं, "काका, याला काही करता येईल?"

मुकादमांनी त्याला दाराच्या उजेडात नेलं, बराच वेळ पाहिलं. "डाक्टरला दावला?"

"दाखवला. वय झालं म्हणतात."

"मंग वयच हाय. डोले पुसत ऱ्हा. आनि एक कर, पोरी. घरातली खाट हलवू नको, ट्रंक हलवू नको. तेला तुजा घर पाठ हाय."

त्यानंतर कप्तान दोन वर्षं जगला आणि या खोलीत एकदाही कशाला धडकला नाही. तो गेला त्याच पावसाळ्यात अलिबागहून मुकादम गेल्याचं पत्र आलं. दिवाळीला रंगारी आला, सामान बाहेर काढलं. खोली कोरी झाली तेव्हा मी म्हटलं, "सुमन, आता खाट खिडकीखाली टाकू या. वारा येईल."

"नको," ती पटकन म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "राहू दे आहे तिथेच."

खिडकीतून खाडीचा झकास वारा येतो आणि सरळ समोरच्या भिंतीला लागतो. आम्ही दोघं कोपऱ्यात घामाघूम होऊन झोपतो.