माईंना मी गप्प केलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही धड ठाऊक नाही — पण परवा नामपल्लीच्या एका सभागृहात माझ्या खांद्यावर शाल घातली गेली, आणि तेव्हापासून माझा स्वतःवरचा राग काही उतरत नाही.

मी बालविकासाची मानसशास्त्रज्ञ आहे. मुलं केव्हा बोलतात, कुणाशी बोलतात, का बोलत नाहीत — जन्मभर हेच पाहत आले. हैदराबादेत लोक मला ओळखतात ते एकाच गोष्टीसाठी. मी आईबापांना घसा फोडून सांगते, घरातली भाषा बंद करू नका. इथे शाळावाले बिनदिक्कत सांगतात, घरी फक्त इंग्रजी बोला. क्लिनिकं थाटून बसलेली शहाणी माणसंही माना डोलावतात. तीन भाषा कानावर पडल्या म्हणून पोर मागे पडत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मग कुणाच्या सोयीसाठी सांगता हे? आजीआजोबांच्या तोंडाला कुलूप घालायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? माझं डोकंच फिरतं.

भाषणात मी एक किस्सा हमखास सांगते. एका घरात आजी नातवाशी भरभरून बोलायची, आणि एका तज्ज्ञाने खोटं कारण देऊन तिला गप्प केलं. सभागृह चवताळतं. परवा तर एक बाई उठून म्हणाल्या, "त्या तज्ज्ञाचं नाव सांगा मॅडम. असल्यांना सोडता कामा नये." मी म्हटलं, "नाव घेणं बरं दिसत नाही." त्यावरही टाळ्या पडल्या. केवढा हा माझा मोठेपणा!

तो तज्ज्ञ कोण, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण नुसतं तेवढं म्हणून सुटता येणार नाही — कसं केलं, तेही सांगायला हवं.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. सासरची माणसं मूळची जुन्या हैदराबाद संस्थानातली, शेतकरी. सासऱ्यांच्या नोकरीमुळे शहरात, काचीगुड्यात आली आणि इथलीच झाली. माईंच्या मराठीत इथली दखनी उर्दू आणि तेलुगू अगदी घरच्यासारख्या वावरायच्या. मी पुण्याची. सुरुवातीला मला त्या बोलण्याची गंमत वाटे. मग ईशान झाला, मी पुन्हा क्लिनिकला जाऊ लागले, आणि दिवसभर तो माईंपाशी राहू लागला. "काय करायलास रे राजा? परेशान का व्हायलास?" असं त्यांचं दिवसभर चालायचं, आणि तोही त्याच सुरात उत्तरं द्यायचा. संध्याकाळी मी दारातून हात पुढे केले की माईंच्या पदरामागे लपून म्हणायचा, "नक्को."

एका रविवारी माझ्या पुण्याच्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या, नोकरीपायी इथे स्थायिक झालेल्या. ईशानचं बोलणं ऐकून एक म्हणाली, "अगं, हा तर रिक्षावाल्यासारखा बोलतो!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

बरीच वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले, की त्या दिवशी मला लाज वाटली आणि म्हणून पुढचं घडलं. पण ते खरं नाही. लाज परवडली असती. त्याच आठवड्यात ईशानला ताप आला. मी रजा घेऊन त्याच्या उशाशी बसले होते, आणि तापात तो माईंना हाका मारत होता. मला नाही. मला मत्सर वाटला — एका म्हाताऱ्या बाईचा, जिने माझं मूल माझ्यासाठीच सांभाळलं होतं.

ताप उतरल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. माई अंबाडी निवडत बसल्या होत्या. क्लिनिकमध्ये वापरते तो आवाज मी काढला — शांत, समजूतदार. म्हटलं, "माई, ईशानच्या बोलण्यात गोंधळ दिसतोय. दोन तऱ्हेचं बोलणं ऐकून मुलं अडखळायला लागतात." काही गोंधळ नव्हता. अडीच वर्षांचा पोरगा वयाच्या पुढे होता. मी स्वतःच चित्रं दाखवून, ठोकळे मांडून ते तपासलं होतं. माईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"माझ्यामुळं बिघडायलं का लेकरू?"

मी "हो" म्हटलं.

वाद घातला असता तरी बरं झालं असतं. पण सून डॉक्टर, ती खोटं कशाला सांगेल? त्या दिवसापासून माई ईशानशी बोलेनाशा झाल्या. भरवायच्या, न्हाऊ घालायच्या, थोपटायच्या — सगळं मुक्याने. तो प्रश्न विचारायचा, तर त्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. थोड्याच दिवसांत तो संध्याकाळी दाराशी येऊन माझी वाट पाहू लागला. मला काय वाटलं असेल? आनंद झाला, दुसरं काय.

पुढे तो शाळेत रुळला, चार भाषा फडाफडा बोलू लागला. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना — माई, आता बोला? सांगितलं नाही. सांगायचं तर आधीचं खोटं कबूल करावं लागणार होतं. ईशानच्या हाकांना त्या उत्तर देत नाहीत हे पाहून नवऱ्याला वाटलं, आईला ऐकू कमी येतंय. म्हणून मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. हो, मीच. कान ठणठणीत निघाले. परतताना रिक्षात त्यांनी मला विचारलंही नाही, की ही तपासणी कशासाठी केली.

शेवटच्या आजारात ईशान त्यांच्या खाटेजवळ उभा होता, दहा-अकरा वर्षांचा. माईंचे ओठ हलले. पण आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं — बोलू का, म्हणून. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी खिडकीकडे वळले. माई काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गेल्या.

ईशान आता नोकरीला लागला आहे. तिसऱ्या वर्षाआधीचं मुलांना आठवत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्याच्या आठवणीत माई मुकीच आहे. परवा शाल घेऊन घरी आले, त्याचं जेवण वाढत होते. तो सहज म्हणाला, "मम्मी, माईला मी आवडायचो नाही ना? माझ्याशी कधी बोललीच नाही ती."

मी त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि म्हटलं, "तिचा स्वभावच तसा होता."