आजची वाट

आधीच सांगून टाकतो — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात गावागावात राखणदार देवचार असतो, त्याला रोट आणि सोरो, म्हणजे दारू, द्यायची असते, आणि त्याच्या वहाणांचा आवाज ऐकलेला एक तरी काका घरोघरी असतो. लहानपणी मी अशाच एका काकांना विचारलं होतं, की देवचार कितव्या नंबरच्या वहाणा घालतो? त्यापायी मार खाल्लाय. या धाग्यावरचे अनुभव वाचतानाही मी पुष्कळदा हसलोय, खोटं कशाला बोलू? तेव्हा माझं वाचून कोणी हसलं तर माझी काही तक्रार नाही. माझी तक्रार स्वतःबद्दल आहे.

मी तुयेचा. नोकरी म्हापशाला, एका होस्टिंग कंपनीत. म्हणजे लोकांच्या वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर राहतात, तिथली जागा भाड्याने देणारी कंपनी. सुरुवातीला मी स्कूटरवरून हरमल-मोरजी पालथं घालून खोल्यावाल्यांना साइट विकायचो. आता नियम मोडणाऱ्यांची खाती बंद करतो. याला बढती म्हणतात.

तर नियम. जागा घेणाऱ्याने काय करायचं नाही याची लांबलचक यादी असते — स्पॅम पाठवायचं नाही, दुसऱ्याचं चोरून टाकायचं नाही, आणि जागा फक्त वेबसाइटसाठी वापरायची, फाइली साठवायला नाही. ही यादी मराठीत मीच उतरवली. ‘आपल्या सामग्रीची प्रत राखण्याची जबाबदारी सर्वस्वी ग्राहकाची राहील’ — हे वाक्य माझं. तेव्हा भारी वाटलं होतं. वाचलं मात्र कोणीच नाही. खाली ‘मान्य आहे’ म्हणून टिचकी मारायची असते, तीसुद्धा गिऱ्हाइकाच्या वतीने मीच मारायचो.

हरमलचे उमाकाका आणि माझे वडील तुयेच्या फॅक्टरीत एका शिफ्टला होते. निवृत्त झाल्यावर उमाकाकांनी घरामागे तीन खोल्या काढल्या, टुरिस्टांना द्यायला. घर आत, उतारावर, काजीच्या झाडांत. मोबाइलवरचा मॅप माणसाला भलत्याच माणसाच्या अंगणात नेऊन सोडायचा. कंटाळून शालनकाकीने — उमाकाकांच्या बायकोने — माझ्यामागे लकडा लावला, की साइटवर मला बोलता आलं पाहिजे. मी एक बटण करून दिलं. त्याला नाव तिनेच दिलं: ‘आजची वाट’.

रोज सकाळी पोदेर पाव देऊन गेला, की काकी फोनवर त्या दिवसाची वाट बोलायची आणि वर चढवायची. रोज कशाला? तर हरमलमध्ये सीझनला रोज वाट बदलते. कोणी रस्ता खणतो, कोणी मांडव घालतो, कोणी वळणावर भाड्याच्या स्कूटर उभ्या करतो. तिचं इंग्लिश टुरिस्टांकडूनच शिकलेलं. “हॅलो, दिस इज शालन. खुरीस कम, यू नो गो लेफ्ट. लेफ्ट इज डॉग. डॉग नो बाइट, बट यू नो गो.” खुरीस म्हणजे वळणावरचा क्रूस. मग तेच आपल्या लोकांसाठी मराठीत. आणि मागून हमखास उमाकाकांची हाक — “गो, च्या निवता!”

जुन्या वाटा ती पुसायची नाही. उलट फोनमधल्या पुसायची. मी एकदा म्हटलं, काकी, फोनातही राहू द्या. तर म्हणाली, “वर चढला मां? मगे पुरे. फोनात जागोच ना.”

वर चढलं की ते कायमचं, असं तिला वाटायचं. तसं तिला मीच सांगितलं होतं.

काकी गेली ती ध्यानीमनी नसताना. शेजारणीला पाखडायचं सूप द्यायला म्हणून उठली, ती उंबऱ्यावरच बसली. सीझन संपत आला होता. त्यानंतर उमाकाकांनी साइटला हात लावला नाही. पण रोज सकाळी चहा घेऊन सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसायचे आणि एक जुनी वाट लावायचे. तीन सीझनच्या सकाळी होत्या तिथे. ओळीने ऐकत होते. ‘च्या निवता’ आलं, की स्वतःच्याच आवाजाला ‘हां हां’ म्हणायचे. मी बघितलंय ते, आणि बघून हसलोही होतो.

त्याच पावसाळ्यात आमची कंपनी बाहेरच्या एका मोठ्या कंपनीने घेतली. नवे साहेब म्हणाले, नियम कागदावर ठेवायला केलेत का? फाइली साठवणाऱ्यांची यादी काढा. नोटीस पाठवा, सात दिवस थांबा, खातं बंद करा, महिन्याने पुसून टाका. मी यादी काढली. शंभराच्या आसपास खाती होती, सगळ्यांना एका झटक्यात नोटीस पाठवली. नावं वाचली नाहीत. कोण वाचतो?

आता माझी करणी ऐका. खेड्यातल्या गिऱ्हाइकांकडे ईमेल कुठला? फॉर्म तर अडून राहायचा. म्हणून मी त्या सगळ्यांसाठी एकच पत्ता काढून ठेवला होता, आणि तो फक्त मीच उघडायचो. पुढे जाहिरातींनी तो इतका भरला, की मीही उघडायचा सोडला. म्हणजे नोटीस पाठवली मी आणि आली ती मला. उत्तर आलं नाही म्हणून सात दिवसांनी खातं बंद केलं मीच, आणि महिन्याने पुसलंही मीच. सगळं अगदी नियमात.

उमाकाकांना वाटलं, पावसात लाइन जाते तशी गेली असेल. चतुर्थी झाल्यावर ते म्हापशाला आले. ऑफिसातल्या बांकावर बसले, छत्री पायांत धरून.

“सुदेश, तिचा ता बंद पडला. वायच बघ मां.”

मी बघितलं. कॉम्प्युटरवर नाव टाकलं. खातं पुसलेलं, कारण — साठवलेल्या फाइली, आणि पुसणाऱ्याच्या जागी माझं नाव. जुन्या प्रती शोधल्या, वरच्या लोकांना फोन केले, अक्षरशः पाया पडलो. सगळीकडून एकच उत्तर आलं — प्रत राखण्याची जबाबदारी ग्राहकाची. माझंच वाक्य.

“नोटीस धाडली होती, काका,” मी म्हटलं. लाज बघा माझी.

“कोणाक धाडलंस?”

मी सांगितलं.

“धाडणारो तू, घेणारो तू. मगे आमी खंय होतव ह्याच्यात?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. चहाही न घेता गेले.

इथवर अमानवीय काही नाही, हे मलाही कळतं. माणसाने केलेलं आहे सगळं. पुढचं ऐका.

सीझन सुरू झाला. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास उमाकाकांचा फोन. “सुदेश, तू ता परत चढयलंस?”

“नाही काका. काही उरलंच नाही, चढवणार काय?”

“मगे ही माणसां खंयसून इली?”

मी स्कूटर काढली. सोप्यावर एक रशियन जोडपं बसलं होतं, पहिल्यांदाच गोव्यात आलेलं. तिठ्यावर उमाकाकांचा जुना पत्र्याचा बोर्ड आहे, त्यावर साइटचं नाव. ते त्यांनी फोनवर टाकलं, आणि म्हणे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. तिने सांगितलं, खुरसाजवळ पाइपलाइनसाठी खणलंय, वरची फळी कुजकी आहे, मागून या. आणि लेफ्टला डॉग आहे.

तो चर खणला होता चार दिवसांपूर्वी. काकीला जाऊन सात महिने झाले होते.

मी त्यांचा फोन मागून घेतला. पान उघडेना. ते दोघे माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. अहो, उघडणार कसं? साइटचं नावसुद्धा आम्ही पुढे चालू ठेवलं नव्हतं. ते नाव आता कुठल्याच कॉम्प्युटरकडे जात नव्हतं! ऑफिसात जाऊन मी सगळं तपासलं. म्हटलं, कोणीतरी खोटा आवाज बनवून खोडी काढतोय. खोडीलासुद्धा कुठेतरी जागा लागते. ती कुठेच नव्हती.

मग पुण्याच्या तीन मुली आल्या. “काकूंनी किती छान सांगितलं हो! म्हणाल्या, काका सोप्यावर झोपले असतील तर हाक मारू नका, दचकतात. खिडकीवर टकटक करा.”

उमाकाकांनी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. काकी असेपर्यंत ते दिवसा कधी झोपले नव्हते. दिवसाची झोप लागली ती काकी गेल्यानंतर.

त्या सीझनला असे पुष्कळ आले. सगळे नवखे, सगळे वाट चुकलेले. प्रत्येकाला त्या दिवसाची खरी वाट कळलेली, आणि दारात पोचल्यावर प्रत्येकाच्या फोनमध्ये काही नाही. उमाकाका खोली दाखवायच्या आधी विचारायचे — आज काय म्हणाली? आवाज बसलेला होता काय? खोकली काय? लोक बावचळायचे. एका बाईने सांगितलं, “मागून कोणीतरी चहासाठी हाक मारत होतं.” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

“सगळ्या जगाक सांगता,” मला म्हणाले, “माका सोडून.”

मी माझा फोन दिला, नवा घेऊन दिला, तिठ्यावर नेऊन उभं केलं. काही नाही. शेवटी त्यांनीच ताडलं. “जो चुकता, तेकाच ऐकाक येता. माका वाट ठावक आसा, हो माझो गुन्हो.”

मग त्या माणसाने काय करावं? सत्तरी उलटलेला माणूस स्वतःच्या गावात हरवायला निघाला. काजीच्या रानात शिरायचे, डोंगरावर जायचे, डोळे मिटून गरगर फिरायचे आणि फोन कानाला लावायचे. पोदेराने दोनदा पडलेले उचलून आणले. मी रागावलो तर म्हणाले, “जमणा ना रे. पाय मेले घराकडेच येतत.”

याचं खापर माझ्या डोक्यावर फुटत नाही असं कोणी सांगू नये. मला सांत्वन नको आहे.

गेल्या वर्षापासून ते विसरायला लागले. आधी नावं, मग जेवलो की नाही ते, मग माणसं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढत जाणार. मयेला त्यांची मुलगी नीता दिलेली आहे. ती म्हणाली, बाबांना मी घेऊन जाते, तू गाडी करून सोडशील? मी गाडी घेऊन गेलो तर घर उघडं आणि काका नाहीत. पोदेराने सायकल थांबवून सांगितलं, “खुरसाकडे बसलेत. घर खंय म्हणून माका विचारी होते.”

खुरसाच्या कट्ट्यावर ते बसले होते. तोंड उतरलेलं, शाळेतून कोणी न्यायला आलं नाही अशा पोरासारखं. हातात फोन होता. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी तो कानाला लावला… आणि चेहरा बदलला. अगदी हळूहळू. “हां,” म्हणाले. “हां हां.” उठले आणि चालायला लागले.

मी मागोमाग गेलो. नेहमीच्या पायवाटेकडे ते वळलेच नाहीत. विहिरीवरून, लांबच्या वाटेने निघाले. मला वाटलं, चुकले. घरापाशी पोचल्यावर वरून बघितलं — पायवाटेवर एक मोठा फणस मुळासकट आडवा झाला होता. पान अजून हिरवंगार होतं, म्हणजे नुकताच पडलेला. खुरसाकडून तो दिसत नाही. येताना मी रस्त्याने आलो होतो, मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मयेला गेले. नीता सांगते, तिथेही फोन हातातून सोडत नाहीत. तळ्याकडे जातात, हरवतात, कानाला लावतात, मग खाली ठेवतात. तिथे काही येत नाही. हरमलचं घर बंद आहे आणि तिठ्यावरचा बोर्ड रुंदीकरणात गेला. मी अजून तिथेच नोकरी करतो, तेच नियम, फक्त आता पुसण्याआधी प्रत्येकाला स्वतः फोन लावतो. साहेब म्हणतात, वेळ फुकट घालवतोस. या सगळ्याचा उलगडा मला झालेला नाही. कोणाकडे असेल तर सांगा, पण ‘मनाचे खेळ’ म्हणू नका. त्या रशियनांचं मन काकीला ओळखत नव्हतं.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. अंगणात पोचल्यावर उमाकाकांनी मागे वळून मला बघितलं. ओळख पटली नाही. म्हणजे ज्याने हे सगळं केलं, त्याचं तोंडही ते विसरले होते. माफ करायलासुद्धा कोणी उरलं नाही.

“तू खंयचो रे?” त्यांनी मायेने विचारलं. “वाट चुकलंस? घे, ऐक. ही बरी सांगता.”

आणि फोन माझ्या कानाला लावला. मी ऐकत राहिलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आता हा हसेल म्हणून.

मला काही ऐकू आलं नाही. मला ती वाट पाठ आहे.