मास्तरांचा डावा पाय

आमच्या भावजींना, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी जन्मात कधी खडू हातात धरलेला नाही. ते मोटार चालवायला शिकवतात. बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावर एक खोली, तिच्यात चार खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी उभी असलेली एक म्हातारी पांढरी गाडी, एवढा त्यांचा पसारा. वरच्या मजल्यावर घर, आणि मीही तिथेच राहते. या गाडीला पेडलचे दोन जोड आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी. शिकणारा गोंधळला की मास्तर आपल्या बाजूचा ब्रेक किंवा क्लच दाबतात आणि सगळ्यांचे जीव वाचतात. वर त्याला चार शब्द सुनावतात, तो भाग वेगळा.

शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी मेहुणी असूनही कबूल करते. पहिल्या दिवशी ते कोणाला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू देत नाहीत. बॉनेट उघडतात आणि सगळ्यांना भोवती उभं करतात.

"गाडी तापली तर काय कराल?"

कोणीतरी हमखास म्हणतं, झाकण उघडून पाणी ओतू. मास्तर याचीच वाट बघत असतात. "आणि तोंड भाजून घ्याल! आधी कडेला घ्या, बंद करा, थंड होऊ द्या. घरी पाहुणे खोळंबले असले तरी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. किल्ली फिरवली आणि नुसतं टक टक वाजलं तर बॅटरीकडे बघा, आभाळाकडे नको. पंक्चर झालं तर जॅक लावायच्या आधी नट सैल करा, नाहीतर उचललेल्या गाडीचं चाक हातात नाचत बसतं. ब्रेक किंचाळायला लागले तर गाण्याचा आवाज वाढवू नका, गॅरेजला जा."

सगळ्यात शेवटी क्लचचं प्रवचन. "इंजिन ओरडतंय, पण गाडी चढत नाही, आणि नाकात जळका वास, म्हणजे क्लच घसरतोय. कारण बहुतेक वेळा एकच. पेडलवर पाय टेकून बसायची खोड. गिअर पडला की पाय बाजूला! गाडी कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो ड्रायव्हर."

एवढं सगळं सांगूनही पांढऱ्या गाडीचा क्लच वर्षातून दोनदा जायचाच. मास्तर गॅरेजमध्ये जाऊन शिकणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचे आणि गॅरेजवाला हसत हसत नवीन प्लेट बसवायचा. आणखी एक गंमत होती. मास्तरांचा डावा बूट नेहमी उजव्याच्या आधी झिजायचा. ताई दर वेळी दोन्ही बूट उलटे करून बघायची आणि म्हणायची, "अहो, तुम्ही लंगडता का?" मास्तर म्हणायचे, "हल्ली बूटच फालतू येतात."

माझी ताई दवाखान्यात नर्स आहे. बरीच वर्षं वॉर्डात उभी राहून तिचे पाय सुजायला लागलेत. यंदा डॉक्टरबाईंनी ठरवलं की अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पेशंटांना घरी जाऊन बघायला एक नर्स नेमायची आणि तिला छोटी गाडी द्यायची. अट एकच, गाडी स्वतः चालवता आली पाहिजे. डॉक्टरबाईंनी पहिलं नाव ताईचं घेतलं. मी ताईला इतकी खुललेली फार वर्षांनी बघितली. "स्वतःच्या मनाने फिरायचं, कोणाची घंटा नाही, काही नाही," असं ती मला दोनदा सांगून गेली. शिकाऊ परवाना आला आणि ती नवऱ्याच्याच गाडीत बसली. मलाही शिकायचं होतं, म्हणून मी मागच्या सीटवर, आणि माझ्या शेजारी बाजारातला एक शिंपी.

ताईचा हात चांगला होता. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आला, तिने गिअर बदलला, गाडी ओरडायला लागली पण पुढे सरकेना. मग तो वास आला. मास्तरांनी ब्रेक दाबला आणि भर रस्त्यात तिच्यावर तोंड सोडलं.

"जाळलास क्लच! इतक्या वेळा सांगितलं, पाय काढ, पाय काढ! ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय?"

"अहो, मी पाय काढला होता," ताई हळूच म्हणाली.

"मग काय मी जाळला? वास काय खोटा येतोय? हे बघ, एखाद्याच्या पायातच गाडी नसते. तू तुझी इंजेक्शनं दे बाई."

शिंपी हसला. मागे थांबलेला टेम्पोवाला हसला. ताई उतरली आणि चालत घरी गेली. मी भावजींना तोंडावर म्हटलं, परक्या शिकणाऱ्याशी असं बोलला असतात का? ते म्हणाले, घरच्या माणसाला सूट दिली तर बाकीचे डोक्यावर बसतात. त्यानंतर ताईने गाडीला हात लावला नाही. डॉक्टरबाईंना तिने सांगितलं, अजून पक्कं नाही, थोडं थांबा. आणि मास्तरांच्या प्रवचनात एक नवीन किस्सा आला, आमच्या घरच्या मंडळींनी टाकीच्या चढावर क्लचचा धूर कसा काढला त्याचा. लोक पोट धरून हसायचे. मला मात्र भावजींच्या तोंडावर बॉनेट आपटावंसं वाटायचं.

पुढच्याच आठवड्यात मास्तर स्टेपनी कशी काढायची हे दाखवत होते. बोलण्याच्या भरात चाक हातातून सुटलं आणि थेट डाव्या पायावर पडलं. बोटं मोडली, पायाला प्लास्टर. पण घरी बसतील तर ते मास्तर कसले! प्लास्टरचा पाय दाराच्या बाजूला लांब करायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा आणि शिकवणी चालू.

त्या दिवसांत शिंपी शिकत होता. त्याचा जन्म शिलाईच्या मशीनवर गेलेला, त्यामुळे क्लचवर त्याचा पाय सारखा वरखाली, वरखाली. टाकीच्या चढावर मास्तर आधीच नाकाला रुमाल लावून बसायचे. पण वास आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गाडी धक्के खात, पण मुकाट वर चढायची. मास्तर मला म्हणाले, "बघ, शिंपीसुद्धा शिकला. शिकवणारा पाहिजे."

प्लास्टर निघालं. मास्तर दोन्ही पायांनिशी जागेवर बसले. मागे मी होते. त्याच चढावर, त्याच शिंप्याच्या हातात गाडी ओरडायला लागली आणि जळका वास आला. मास्तरांनी तोंड उघडलं, ओरडण्यासाठीच. मग ते तसंच उघडं राहिलं. ते खाली बघत होते. मीही पुढे वाकून बघितलं. त्यांच्या बाजूच्या क्लचवर त्यांचा डावा बूट आरामात टेकलेला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने, कधी दाबावा लागेल म्हणून, कायमचा. त्यांनी पाय उचलला. ओरडणारी गाडी निमूटपणे चढायला लागली.

"मास्तर, माझं काय चुकलं?" शिंप्याने घाबरून विचारलं.

"तुमचं नाही," मास्तर म्हणाले. "गाडी बाजूला घ्या."

ते उतरले आणि टाकीच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. बरीच वर्षं ते ज्यांना ज्यांना बोलले होते ते सगळे लोक जणू समोर रांगेने उभे होते. मी जवळ गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिने पाय काढला होता गं."

"हे तिला सांगा. आजच सांगा. डॉक्टरबाई अजून थांबल्यात."

"सांगतो. मीच सांगतो. तू मध्ये बोलू नकोस, माझी शपथ आहे."

मी गप्प बसले, कारण त्या घटकेला त्यांची दया आली. माणूस एवढा शरमलाय म्हणजे संध्याकाळपर्यंत नक्की बोलेल, असं मला वाटलं.

ते बोलले नाहीत. बायकोशी नजर मिळवायची वेळ आली की त्यांना काहीतरी काम आठवायचं. सकाळी तिच्याआधी उठून चहा करायला लागले. तिचे दवाखान्यात घालायचे बूट पॉलिश करून ठेवले. स्वतःचा डावा बूट मात्र पलंगाखाली पार आत सारला आणि घरात कोणी बुटांचा विषय काढला की उठून गॅलरीत जायचे. ताई मला म्हणाली, "यांना काय झालंय? कुठे दुखतंय का?"

क्लासमध्येही तीच तऱ्हा. नवीन लोक आले, बॉनेट उघडलं, रेडिएटर झाला, बॅटरी झाली. क्लचपाशी मास्तर अडले. शिंपी आता परीक्षेपुरता यायचा, तो मागून म्हणाला, "मास्तर, ती वहिनींची गोष्ट सांगा ना, धुराची!" सगळे हसायच्या तयारीत उभे राहिले. मास्तरांनी बॉनेटची दांडी काढली, बॉनेट खाली घेतलं आणि म्हणाले, "आज इथेच थांबू." त्यांचा आवाज इतका बसला होता की शिंप्याला वाटलं, मास्तरांना ताप आहे.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "भावजी, तुम्ही सांगता की मी सांगू? गेली शपथ चुलीत."

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले. "ती चिडली तर बरं. पण ती हसली तर? ती माझ्यावर हसली तर मी उद्या त्या गाडीत कसा बसू?"

"आणि तिच्यावर सगळे हसले तेव्हा?"

ते माझ्यासोबत वर आले. ताई टेबलावर चादर अंथरून उद्याच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मास्तर दारातच घुटमळले, मग पलंगाखालून तो बूट काढून आणला आणि उलटा करून तिच्यासमोर धरला. तळवा मधोमध झिजून पातळ झाला होता.

"मी लंगडत नाही," ते म्हणाले. "मी क्लचवर पाय ठेवून बसतो. सगळे क्लच मीच जाळले. तुझ्या वेळचाही. तू पाय काढला होतास. मी तुला सगळ्यांदेखत जे बोललो ते..." पुढचं त्यांना जमेना. डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या भावजींना रडताना मी पहिल्यांदा बघत होते.

ताईने इस्त्री उभी केली आणि प्लग काढला. ती हसली नाही.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"प्लास्टर निघालं त्या दिवशी."

"म्हणजे दोन आठवडे होत आले." ती खुर्चीवर बसली. "डॉक्टरबाईंनी काल मला शेवटचं विचारलं. मी म्हटलं, माझ्या पायात गाडी नाही. आज त्यांनी आमच्या वॉर्डातल्या धाकट्या नर्सला नेमलं, तिला गाडी येते."

मास्तर बूट हातात घेऊन तसेच उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस जमिनीत जाईल तर बरं, आणि त्याच्याबरोबर गप्प बसलेली मीही.

सकाळी मी खाली आले तर ताई युनिफॉर्म घालून पांढऱ्या गाडीत स्टिअरिंगमागे बसली होती. मास्तर बाहेर घुटमळत होते.

"बसा," ती म्हणाली. मला मानेनेच मागे बसायला सांगितलं. मास्तर बसले.

"पाय वर घ्या."

"अगं, पण ब्रेक..."

"ब्रेक मला आहे. पाय वर घ्या. दोन्ही."

मास्तरांनी बूट काढले आणि सीटवर मांडी घातली. गुडघे डॅशबोर्डला टेकलेले, हात मांडीत, भिजलेल्या मांजरासारखे आक्रसून. गल्लीतून गाडी निघाली तेव्हा दुकानं उघडत होती. शिंप्याने शटर अर्ध्यावर धरून बघितलं. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, पूजेला बसलात काय?" मास्तरांनी मान खाली घातली, पण पाय खाली सोडले नाहीत.

टाकीच्या चढावर गाडी बंद पडली. मास्तरांचा हात दाराच्या कडीवर गेला आणि तिथेच थांबला. ताईने हँडब्रेक ओढला, गाडी चालू केली, क्लच हळू सोडत आणला आणि गाडी वर चढली. कसलाही वास आला नाही. तिने एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही.

दवाखान्याच्या आवारात नवी कोरी निळी गाडी उभी होती आणि धाकटी नर्स फडक्याने तिची काच पुसत होती. ताईने आपली पांढरी गाडी तिच्या शेजारी सरळ रेषेत लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"आता सोडा पाय खाली," ती म्हणाली आणि निळ्या गाडीला वळसा घालून आत वॉर्डाकडे निघून गेली.

मास्तरांनी पाय सोडले नाहीत. धाकटी नर्स जवळ येऊन काचेतून वाकली. "मास्तर, मला टाकीच्या चढाची अजून भीती वाटते. उद्यापासून शिकवाल?" मास्तर मांडी घालूनच बसले होते. त्यांनी किल्ली उचलली आणि म्हणाले, "आमच्या हिला विचार. तिला येतं."