पाहुण्यांसाठी कापलेला डोंगर

डोंगराची कुणीतरी हजामत करून टाकली होती.

गाडीचे दार उघडताच प्रथम वास आला. ताज्या कापलेल्या, उन्हात तापलेल्या गवताचा. थोडा गोड, थोडा तुरट. एरवी मी त्या वासावर जीव ओवाळून टाकला असता. त्या सकाळी मात्र नाही. जे गवत उभे दाखवण्यासाठी मी आमच्या ट्रस्टींना पुण्याहून जामखेडच्या पुढे आणले होते, ते आडवे झाले होते. समोरच्या उतारावर उरले होते फक्त खुंट, आणि त्यांच्यावरून फिरलेल्या खराट्यांचे नीटस फराटे. होय, गावाने डोंगर झाडून काढला होता.

मी एका फाउंडेशनमध्ये प्रोग्रॅम ऑफिसर आहे. फाउंडेशन स्वतः कुदळ हाती घेत नाही. जी संस्था घेते, तिला पैसे देते. त्याला ग्रँट म्हणतात. ग्रँट एकदम मिळत नाही. ठरलेला टप्पा गाठायचा, मग पुढचे पैसे. त्या टप्प्याला माइलस्टोन म्हणतात, आणि तो खरोखर गाठला आहे का हे डोळ्यांनी पाहण्याला साइट व्हिजिट. येथला माइलस्टोन एका शब्दाचा होता : गवत.

गावाने आपल्या उघड्या डोंगरावर चराई बंद ठेवली होती. गवत वाढले की घरी दुभते जनावर टिकेल. जनावरे टिकली की गावात दूधसंकलन केंद्र चालेल. ते केंद्र दुसऱ्या टप्प्यात होते, आणि ते चालवणारी व्यक्ती आधीच ठरली होती : महिला गटाच्या अध्यक्ष साळूबाईंची सून रेखा. दुधाची फॅट तपासायचे मशीन ती शिकून आली होती. केंद्र झाले नाही, तर तान्ही मुलगी पाठीशी बांधून तिला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जावे लागणार होते. ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला इकडे ‘कोयता’ म्हणतात. मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. तो रोज खेपा घालत होता आणि साळूबाई त्याला रोज सांगत होत्या, “पाहुनं यिऊन जाऊ द्या, मंग बोलू.”

पाहुणे, म्हणजे आमचे ट्रस्टी श्रोत्री साहेब, गाडीजवळच उभे राहिले. त्यांचे आयुष्य यंत्रांच्या कारखान्यात गेलेले. त्यांनी उताराकडे पाहिले, मग हातातल्या फोटोकडे.

“हा फोटो कामाच्या आधीचा ना?”

“हो, सर.”

“आणि हे समोर दिसतंय ते नंतरचं?”

“हो, सर.”

“मला फरक सापडत नाहीये. आता जरा स्वच्छ दिसतंय, एवढंच.”

तेवढ्यात साळूबाई पुढे आल्या. इस्त्रीची नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि चेहऱ्यावर लग्न उरकलेल्या वरमाईचे समाधान. “कसं वाटलं, साहेब? समदा गाव राबला बगा. एक काडी ठिवली न्हाई!”

मी दत्ताभाऊंना बाजूला घेतले. आम्ही जिला ग्रँट देतो, ती संस्था तेच चालवतात.

“दत्ताभाऊ, हे काय?”

“मॅडम, तुमचीच अट. शाल नको, नारळ नको, फेटा नको, मांडव नको. मी गावात सांगून जिल्ह्याला मीटिंगला गेल्तो. मागं बायांची सभा झाली. म्हनल्या, मंग पाहुन्याचा मान राखायचा कशानं? साळूबाई म्हनली, श्रमदान करू, त्याला तर बंदी न्हाई. साहेबांच्या पायात कुसळ मोडाय नको, वाटंत जनावर निघाय नको.”

जनावर म्हणजे साप. कुसळ म्हणजे पिकलेल्या गवताच्या टोकाला येते ती शेपटीवाली सुई.

अट आमचीच होती आणि कागदावर ती निर्दोष होती. ग्रँटचा पैसा सत्कारात जाऊ नये. परंतु या भागात पाहुणा मानपानावाचून परतला, तर खाली मान गावाला घालावी लागते. त्याला आमच्या अटींत रकाना नव्हता.

मी देवळामागच्या गवताच्या गंजींकडे बोट दाखवले. “सर, गवत तिथे रचलंय.”

“गंज विकतही आणता येते,” ते माझ्यापुरते हळूच म्हणाले. स्वरात राग नव्हता. सुटा भाग तपासून परत करणाऱ्या माणसाचा कोरडेपणा होता. “मला ते उभं बघायचं होतं.”

रेखा चहा घेऊन आली. शब्द तिला ऐकू गेले नव्हते, पण आमचे चेहरे दिसत होते. चहा दाट, वेलदोडा घातलेला. संकोचापोटी साहेबांनी दुसराही कप घेतला. तो चहा आणि पुण्यापासूनचा प्रवास यांचा व्हायचा तो परिणाम झाला. आडोसा शोधत ते डोंगराच्या धारेकडे चालू लागले.

साळूबाई दचकल्या. “अवो मॅडम, साहेबांना माघारी बोलवा! तिकडं जाऊ दिऊ नगा!”

“का?”

“तिकडं साफ केलं न्हाई अजून! हाताला येळच घावला न्हाई. कमरंएवढं गवत हाय. लाज जाईल आमची!”

इतके मधुर वाक्य मी नोकरीत ऐकले नव्हते.

“जाऊ द्या,” मी म्हणाले. “अगदी आतपर्यंत जाऊ द्या.”

साहेब धारेपलीकडे दिसेनासे झाले. मग भुर्रकन लाव्यांचा थवा उडाला आणि पाठोपाठ आवाज आला, “अरे! अरे बापरे!”

ते परतले तेव्हा त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत सोनेरी लव फुटली होती. दगडावर बसून ते एकेक कुसळ उपटू लागले. एकावर बाटलीतले पाणी सांडले आणि त्यांचा हात थबकला. ओली झालेली शेपटी सावकाश पिळा घेत फिरत होती.

“हे फिरतंय! अहो, हे स्वतःला जमिनीत रुतवून घेतं. ड्रिल आहे हे!”

“साहेब,” रेखा पदराआड हसू दाबत म्हणाली, “मोज्यात गेलं की लई जोरात फिरतंय. आदी मोजं काढा.”

बायकांचे हसू मग उतारावरून घरंगळत खाली गेले. साहेबही हसले. “साळूबाई, हेच तर बघायला आलो होतो. उभं गवत.”

साळूबाईंनी गालावर हात ठेवला. “म्हंजी तुमी गवत बगाया आल्ता व्हय? आमाला वाटलं, आमाला बगाया आले.”

साहेबांनी तिसरा कप मागून घेतला.

ट्रस्टींच्या बैठकीत श्रोत्री साहेबांनी एवढेच सांगितले, “गवत आहे. माझ्या धोब्याला विचारा.” दुसरा टप्पा मंजूर झाला. मी फोन केला तेव्हा मुकादम साळूबाईंच्या ओट्यावरच बसला होता. फोन कानाला तसाच धरून त्यांनी त्याला बजावले, “औंदा आमच्या घरचा अर्धाच कोयता न्या. उरल्याला अर्धा दूध मापनार हाय.”

आमच्या अटींत मात्र एक सुधारणा झाली आहे. सत्काराला बंदी कायम. एक नारळ चालेल. डोंगरापेक्षा तो स्वस्त पडतो.