लाल औषधाबद्दल ताईला न सांगितलेलं

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्याच्या एका कॉलेजात पीएचडी करत होते. विषय होता कॅन्सरवरचं एक लाल औषध. त्याच्या पातळ द्रावणावर दिव्याचा उजेड सोडायचा आणि ऑक्सिजनची घातक रूपं किती तयार होतात ते मोजायचं. पेशी मारण्यात त्यांचाही हात असतो, एवढं तोवर कळलेलं.

तेव्हाच कळव्याला राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीच्या मानेत गाठ निघाली. कॅन्सरची. पहिल्या सलाइनला मी सोबत गेलेले. नर्सने बाटली आणली ती लालभडक. मला लेबल वाचावं लागलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं. मी उठून पडदा ओढला, बाटलीला काळा कागद गुंडाळला.

"हे तुझंच का गं औषध?" ताईने विचारलं.

"हो."

"मग बरं झालं. ह्याने माझं काही बिघडणार नाही ना?"

शरीरात त्याला उजेड लागत नाही. ऑक्सिजनची ती रूपं तिथे उजेडाशिवायही तयार होतात आणि हृदयाला ती फारशी सोसत नाहीत. हे मी वाचलेलं होतं. पण दुसरं औषध नव्हतं.

"केस जातील," मी म्हणाले. "परत येतील."

गाठ विरली. ताई पुन्हा बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. चार-पाच महिन्यांनी तिला जिना चढवेना. पाय सुजले, उशांना टेकून बसल्याशिवाय डोळा लागेना. हृदय कमजोर झालंय, औषधानेच असावं, असं डॉक्टर म्हणाले.

कॉलेजात आम्ही द्रावणात एक पदार्थ घातला की ती रूपं शमायची. मी धावत जाऊन डॉक्टरांना ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"परीक्षानळीत शमत असेल हो. माणसाला द्यायला माझ्याकडे काही नाही."

दिवाळीआधी ताई गेली.

तेराव्यानंतर भावोजींनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तिला का नाही सांगितलंस?"

"सांगूनही औषध घ्यावंच लागलं असतं."

"घेतलंच असतं तिने. पण तिचं तिने ठरवलं असतं."

ते उठून आत गेले.

प्रबंध मी पुरा केला. आभाराच्या पानावर ताईचं नाव लिहिलं आणि टायपिंगला देण्याआधी खोडलं.