टाकी आपोआप भरण्याची परीक्षा

मेकॅनिकलच्या पदवीसोबत मी ऑटोमेशन अँड कंट्रोलचा मायनर घेतला, तेव्हा मलकापूरच्या घरी आईने एकच विचारलं, "सारं आपोआप होते, मंग तू काय करशीन व?"

उत्तर शेवटच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मिळालं. काचेच्या टाकीतलं पाणी लाल रेघेखाली गेलं की पंप आपोआप सुरू व्हावा, एवढाच आमचा प्रयोग. प्रोग्राम दोन महिने खपून मी लिहिला होता. प्रयोगातल्या माझ्या जोडीदार मुलाने त्यावर स्वतःचं नाव आधी टाकलं होतं. पण बोअरच्या खाऱ्या पाण्याने सेन्सरवर पांढरा थर चढला. सेन्सरला टाकी कायम रिकामीच दिसे आणि पंप थांबायचं नाव घेईना. मी सेन्सर घासायला गेले, तर लॅबवाले काका ओरडले, "काऊन हात लावून राह्यली? साहेबाचं सामान हाय ते!"

सरांनी तोडगा काढला. "बेटा, तू तशीही बोलत नाहीस. टाकीच्या टेबलामागे खाली बस. पंप आज हातानेच चालवू, पाणी रेघेखाली गेलं की त्याचं बटण दाब. परीक्षकांना हा तुझा जोडीदार समजावून सांगेल."

मी इंग्रजी शाळेतली, म्हणजे फाडफाड बोलणार, असं सरांना पहिल्या वर्षी वाटलं होतं. मी दोन्ही भाषांत सारखीच गप्प असते, हे त्यांना उशिरा कळलं.

बाहेरचे परीक्षक आले. जोडीदार माझा प्रोग्राम असा सांगत होता, जणू तो त्याला स्वप्नात दिसला होता. मी टेबलामागे वाकून बटण दाबत होते.

"छान," परीक्षक म्हणाले, "फक्त पंप जरा उशिरा सुरू होतो."

मला रागच आला. मी वेळेवर दाबत होते.

"सेन्सर कुठे बसवलाय?"

जोडीदाराने आधी टाकीकडे बोट केलं, मग छताकडे. सर खिडकीबाहेर बघू लागले.

"मी आहे, सर," मी टेबलामागून म्हणाले.

परीक्षकांनी वाकून मला पाहिलं, मग बटण. "आणि प्रोग्राम?"

"तोही माझाच."

"मग चालवून दाखव."

काकांनी धावत कॅन्टीनमधून लिंबू आणलं. साहेबाचं सामान आता कुणीही घासावं असं झालं होतं. मी थर काढला, बटणावरचा हात उचलला. पाणी रेघेखाली उतरलं. पंप सुरू झाला, टाकी भरली, पंप थांबला.

"पाह्यलं का सर, आपलं चाललं!" जोडीदार म्हणाला.

मी ओले हात ओढणीला पुसले. परीक्षकांनी लिहून घ्यायला नाव विचारलं, तेव्हा मात्र मी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्याने.