निर्दोष म्हणायचं नाही

अर्धे मटार सोलायचे राहिले होते. तीस वर्षं मैदानावर समालोचन केलेले आबा आज लेकीचा सामना घरीच रेडिओवर ऐकत होते. मागच्या सामन्यात त्यांनी तिच्या खेळीला ‘निर्दोष’ म्हटलं आणि पुढचाच चेंडू तिच्या जबड्यावर बसला.

आज ती ब्याण्णववर होती. नवा समालोचक रंगात आला, “एकही संधी न देता केलेली, अगदी नि...”

आबांनी झटकन रेडिओ बंद केला.

“अहो, हा शब्द तुम्ही हजारदा बोललात,” बायको म्हणाली. “तेव्हा कुणाच्या जबड्यावर चेंडू बसला?”

“ती पोरं दुसऱ्यांची होती गं.”

बायकोने मटारांचं ताट पुढ्यात ओढलं. देवाचं नाव पुटपुटत आबांनी चपला चढवल्या आणि लेकीला आणायला मैदानाकडे निघाले.